सुटलेल्या माणसाची चौकशी

खामगाव

एप्रिलच्या शेवटी बुलढाणा जिल्ह्यात कोणी जात नाही. तिथलीच माणसं त्या दिवसांत पुण्याला लेकीसुनांकडे येऊन राहतात. मी गेले, कारण मला बोलावलं होतं, आणि व्याख्यानाला बोलावलं की मी ऊन-पाऊस बघत नाही. माझा विषय एकच: जंगलात बंदुका घेऊन राहणाऱ्या संघटना साध्या, निःशस्त्र माणसांना ठरवून का मारतात. त्यावर माझं एक जाडजूड पुस्तकही आहे. पुण्यात ते भेट दिलं की लोक 'वा वा' म्हणून विषय बदलतात. वऱ्हाडातल्या एका व्याख्यानमालेच्या मंडळींनी मात्र ते वाचलं होतं, निदान मलपृष्ठ तरी. त्यांनी एक व्याख्यान खामगावला ठेवलं, एक बुलढाण्याला, आणि मधला दिवस मॅडमना आराम.

खामगावात उतरल्याबरोबर सरकीच्या तेलाचा वास आला आणि त्यामागून माझे यजमान बोदडे सर आले. ते निवृत्त मुख्याध्यापक. डांबर वितळत असताना आज ऊन जरा कमी आहे असं ते मला म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते. घरी आलूबोंडा आला. आमच्याकडचा बटाटेवडाच तो, पण वर असा रस्सा ओतलेला की मी पहिल्या घासाला रडले. सरांच्या बायकोनं मायेनं अजून एक वाढला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. कूलरमुळे भरलं असावं, पण मी तो विचार मनात येऊ दिला नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं की हे बंदूकवाले माथेफिरू नसतात. रस्त्याच्या कामावर, बाजारात, शाळेच्या ओट्यावर साध्या माणसाला मारतात ते विचार करून, आणि मारण्याआधी त्याला एक नाव देतात: खबरी. एकदा माणूस खबरी ठरला की तो निरपराध उरतच नाही. मग जनअदालत भरवायची, गावाला समोर बसवायचं, आरोप वाचायचा. एक मेला की बाकीचे गप्प होतात. आणि खबरी कोण हे त्यांना सांगतं कोण? पुष्कळदा गावच. कुणाचं बांधावरून वैर असतं, कुणाचं विहिरीवरून. पुरावा लागत नाही, संशय पुरतो. शंकेला जागा ठेवायची नाही, हा त्यांचा नियम.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. शेवटी टाळ्यांसाठी मी एक वाक्य ठेवलेलं असतं, तेही टाकलं. "यात मरणारा कारणानं मरतो, आणि सुटणाराही कारणानंच सुटतो." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या तिघाचौघांनी ते मोबाईलवर टिपलं. प्रश्नोत्तरांत एका धोतरातल्या आजोबांनी विचारलं, हे लोक आपल्या जिल्ह्यात काऊन येत नाहीत? आपलं ऊन त्यांना सोसत नाही, असं सरांनीच परस्पर सांगून टाकलं.

जेवताना सरांनी सहज सांगितलं की जळगाव जामोदच्या पुढे एका गावात असा एक माणूस आहे, ज्याला त्या लोकांनी धरून नेलं होतं आणि सोडलं. माझा हात ताटातच थांबला. आता सांगायला लाज वाटते, पण इतकी वर्षं या विषयावर बोलत असून त्यांच्या हातून सुटलेला माणूस मी एकदाही प्रत्यक्ष पाहिला नव्हता. आराम गेला चुलीत, असं म्हणून मी सकाळी निघायचं ठरवलं.

जळगाव जामोद

उत्तरेला निघालं की सपाट काळी जमीन लागते आणि लागतच राहते. मध्ये पूर्णा नदी, म्हणजे तिचं पात्र. एका टपरीवर चहा घेतला तर तो खारट. मी टपरीवाल्याला समजुतीच्या सुरात सांगितलं की साखरेऐवजी मीठ पडलंय. त्यानंही समजुतीच्याच सुरात सांगितलं की या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं आहे, त्याचे आजोबाही हाच चहा प्यायले. बोदडे सर मान वळवून हसत होते. त्यांनी स्वतःसाठी घरून पाणी आणलं होतं.

जळगाव जामोद मागं पडलं की सातपुडा एकदम जवळ येतो, आणि पाणीही गोड होतं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वासुदेवभाऊ दारातच उभे होते, पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, कपाळाला बुक्का. पन्नाशीचा माणूस. रोडरोलर चालवतात, ठेकेदार नेईल तिकडे जातात. घरात बायको सुनंदाबाई आणि मुलगी प्रतीक्षा. ती तालुक्याच्या गावी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, आणि माझ्याकडे तसंच बघत होती, नमुना बघावा तसं.

मॅडमसाठी रोडग्यांचा बेत होता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, मग फोडून वरणात कुस्करायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. मी न फोडता अख्खा रोडगा दातानं तोडायला गेले. बाहेर राख आणि आत वाफ, दोन्ही तोंडात गेली. प्रतीक्षा पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

वासुदेवभाऊ बोलायला लागले की थांबत नाहीत. छत्तीसगडच्या हद्दीजवळ जंगलातून रस्ता काढायचं काम होतं. कामावर मजुरांची हजेरी घ्यायला एक मुन्शी होता, धनलाल नावाचा, गोंदियाकडचा. दोघं एकाच ताडपत्रीखाली राहायचे, एकाच चुलीवर जेवायचे. एका सकाळी दादा लोक आले, म्हणजे बंदूकवाले. तिकडे त्यांना असंच म्हणतात. त्यांनी रोलर पेटवून दिला आणि या दोघांचे हात बांधून आत नेलं. रोलर कसा पेटला हे भाऊंनी फार वेळ सांगितलं. दोन-तीन दिवस चालवल्यावर एका गावाबाहेर अदालत भरली. दोघांवर आरोप एकच: पोलिसांना चहा पाजला, खबर दिली. धनलालला मारलं. यांना सोडलं.

मी मुद्द्यावर आले. त्यांनी तुम्हालाच का सोडलं?

भाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. काल रात्री माझं भाषण मोबाईलवर त्यांच्यापर्यंत आलं होतं, लय बरोबर बोलले तुमी, असं ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, निरोप न्यायले कोनीतरी जिता पाह्यजे ना. ठेकेदारायले जाऊन सांग, म्हने, इकडं रस्ता नाई पाह्यजे. त्याच्यासाठी मले सोडलं."

काय सांगू, मला गहिवरून आलं. एक माणूस मारून निरोप लिहायचा आणि दुसरा सोडून तो पोचवायचा! माझ्या पुस्तकाचं अख्खं सातवं प्रकरण माझ्यासमोर पाट मांडून बसलं होतं आणि वरणात रोडगा कुस्करत होतं. मी लगेच मनात दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची सुरुवात जुळवायला घेतली.

हात धुवायला आत गेले तर सुनंदाबाईंनी मला चुलीपाशी बसवून घेतलं. बाई कमी बोलणाऱ्या, पण काय हवंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रतीक्षाची सोयरीक ठरत आली होती. मुलगा चिखलीकडचा, शाळेवर मास्तर, एकमेकांना पसंत. पुढच्या महिन्यात साक्षगंध, म्हणजे आपल्याकडचा साखरपुडा. आणि मध्ये मुलाच्या मामांनी चौकशी केली.

ही चौकशी काय असते ते पुण्याच्या वाचकांना सांगायला हवं. मुलाकडचा एक जाणता माणूस न कळवता एसटीनं येतो. स्टँडवर चहा घेतो, न्हाव्याकडे दाढी करतो, देवळात टेकतो, आणि सहज म्हणून विचारतो. आपण हेच काम घरबसल्या फोनवर करतो, फक्त दाढी होत नाही. मामांनी विचारलं, तुमच्या वासुदेवभाऊंना त्या लोकांनी काऊन सोडलं? न्हावी म्हणाला, गळ्यात सैलानीबाबाचा ताईत होता म्हणून. देवळात कळलं की मारुतीचं नाव घेतलं म्हणून. पिठाच्या गिरणीवर सांगितलं की त्यांच्या म्होरक्याची आई आपल्या इकडचीच निघाली. आणि पोलीस पाटलाला तर भाऊंनी सांगितलं होतं, सोडलं नाही, मीच पळालो. मामा चार कारणं घेऊन घरी गेले आणि म्हणाले, माणूस लपवतोय. त्या लोकांचाच असल्याशिवाय असं कोणी सोडत नाही.

"एकच कारन असतं तं चाललं असतं, मॅडम," सुनंदाबाई म्हणाल्या. "कोन्तंबी. पन हे ज्याले जसं आवडते तसं सांगतात. देवळात बसले तं देवाचं. समोरच्याले बरं वाटलं पाह्यजे, बस."

मला मिळालेलं पाचवं कारण माझ्या मापानं शिवलेलं होतं, ते मी आनंदानं अंगात घातलंही होतं, आणि पाचांमध्ये सगळ्यात घातकी तेच होतं. मामांना हा निरोप्याचा किस्सा कळला असता तर सोयरीक उभ्या उभ्या मोडली असती. सुनंदाबाईंना भाऊंनी मला काय सांगितलं ते माहीत नव्हतं. त्यांची विनंती साधी होती. मामा बुलढाण्यालाच राहतात, एकही व्याख्यान चुकवत नाहीत, उद्या येतील. मॅडमनी स्टेजवरून सांगावं की कधीकधी असं उगाच कोणालाही सोडतात. मॅडमचं पुस्तक आहे, मॅडमचं ऐकतील.

बाहेर आले तेव्हा भाऊ लिंबाखाली खाटेवर एकटेच होते. सर गाडीपाशी गेले होते. मी शेजारी बसले आणि म्हटलं, भाऊ, मला बरं वाटेल असं नको. खरं काय ते सांगा.

त्यांनी खाटेची सैल दोरी ओढून घट्ट केली.

"खरं म्हनजे मले मालूम नाई," ते म्हणाले. "दोघायले तेच इचारलं. दोघायनं तेच सांगतलं. चहा दोघायनंबी पाजला होता पोलिसायले, आता कामावर आला मानूस तं चहा नाई पाजनार का? मंग त्याले तिकडं नेलं, अन् मले म्हनलं, तू जा. म्या इचारलं नाई काऊन म्हनून. इचारायची हिंमतच झाली नाई. अन् आता सगळे मले इचारतात. नाई मालूम म्हनलं तं कोनी मानत नाई, मॅडम. तोंडाकडं पाहात राह्यतात. मंग काईतरी द्या लागते."

पान खायला द्यावं तसं त्यांनी प्रत्येकाला एकेक कारण दिलं होतं. आमच्याकडे माणसं तोंडावर 'माहीत नाही' म्हणून दार लावून घेतात. वऱ्हाडात ते जमत नाही, आलेल्याला रिकामं पाठवायचं नसतं. मी त्यांना शब्द दिला की उद्या बुलढाण्यात बोलेन. गाडीत बसताना प्रतीक्षानं मला एवढंच विचारलं की मामा ऐकतील का. मी मोठ्या आत्मविश्वासानं हो म्हटलं.

बुलढाणा

घाट चढून वर आलं की बुलढाण्याला हवा बदलते. साहेबाच्या काळापासून कचेऱ्या इथे वर आहेत, आणि वर बसल्यामुळे इथल्या कारकुनालाही खालच्या जिल्ह्याकडे जरा वरूनच बघायची सवय आहे, असं बोदडे सर खामगावकरांच्या वतीनं म्हणाले.

मामा मी लगेच ओळखले. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली तरी हजेरीपटावर सही करून बसल्यासारखे. चेहरा अगदी सज्जन. मला वाटलं होतं मला त्यांचा राग येईल. आला नाही, हीच पंचाईत.

मी बोलले, आणि चांगलं बोलले. म्हटलं, या संघटनांचा हिशेबीपणा आपण फार मोठा करून सांगतो, मी स्वतः सांगत आले. प्रत्यक्षात तीही माणसंच. ऐकीव माहिती, घाई, भीती, म्होरक्याची त्या दिवसाची लहर. दोन माणसांवर एकच आरोप असतो, एक मरतो आणि एक सुटतो, आणि त्यामागे काहीही नसतं. कारण शोधायला लागलो की आपण नकळत मेलेल्याला थोडं दोषी ठरवतो आणि जगलेल्यालाही. सभागृह शांत झालं. मला वाटलं, साधलं.

प्रश्नांच्या वेळी मामा उभे राहिले. माईक दोन्ही हातांनी नीट धरला.

"मॅडम, खामगावात आपण म्हणालात, सुटणाराही कारणानंच सुटतो. माझ्या मोबाईलमध्ये आहे. आज म्हणता, कारण नसतं." ते जरा थांबले. "नम्रपणे विचारतो. मधल्या दिवशी आपण कुठं जेवलात?"

सभागृह हसलं. वाईट नाही, प्रेमळ हसलं, जावयाची चोरी पकडल्यावर हसतात तसं. सगळ्यांनाच माहीत होतं मी कुठं जेवले ते. मी काहीतरी उत्तर दिलं, ते मलाच ऐकू आलं नाही. अदालतीचा अभ्यास करता करता अख्खी हयात गेली, पण आरोपी म्हणून तिच्यात उभं राहिलं की कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. इथं तर कूलर होता, टेबलावर फुलं होती, आणि नंतर आभारप्रदर्शनसुद्धा झालं.

चहाला मामा आपणहून जवळ आले, मला खुर्ची दिली, बिस्किटं पुढं केली. पोरगी सोन्यासारखी आहे म्हणाले, आमच्या मुलालाही पसंत आहे, कुणाचं वाईट करायचं नाही. फक्त उद्या नात्यात कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. शंकेला जागा राहायला नको. ते वाक्य खामगावात मी बंदूकवाल्यांचा नियम म्हणून सांगितलं होतं हे त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

मग त्यांनी मार्ग सुचवला. वासुदेवभाऊंनी एकच करावं. तो जो मेला, मुन्शी, तो पोलिसांचा खबरी होता असं सांगावं. बस. मग सगळं सरळ होतं. त्याचा गुन्हा होता, त्याला मारलं. यांचा नव्हता, यांना सोडलं. दुसऱ्या कारणाची गरजच नाही, कुणालाही पटतं. तुमच्याच पुस्तकात बसतं, मॅडम. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? आपण भाऊंना सांगावं, आपलं ऐकतील. आणि साक्षगंधाला आपण यायचं, हे आमंत्रणच समजा.

खरं सांगते, मला तो मार्ग चांगला वाटला. नुसता चांगला नाही, अगदी नेटका वाटला. सुनंदाबाईंना एकच कारण हवं होतं, हे एकच होतं. प्रतीक्षाचं लग्न होत होतं. मी मामांना हो म्हटलं आणि तिसरं बिस्किट घेतलं.

मलकापूर

गाडीला वेळ होता. मलकापूरच्या फलाटावर एका खांबाच्या सावलीत उभं राहून मी वासुदेवभाऊंना फोन लावला. मामांचं म्हणणं सांगितलं, त्यात माझी भर घातली, की यानं कुणाचं काही बिघडत नाही, धनलाल तर गेलाच आहे. एवढंच म्हणायचं, आणि सगळीकडे तेच म्हणायचं. भाऊंची काही हरकत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. हा माणूस न्हाव्याला ताईत देतो, गिरणीवाल्याला म्होरक्याची आई देतो, मला माझंच सातवं प्रकरण वाढून देतो. मामांना त्यांच्या मापाचं एक द्यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"तेवढं नाई म्हननार, मॅडम," ते म्हणाले.

मी समजावलं. मुलीचा विचार करा म्हटलं. मागून सुनंदाबाई, काय म्हणतात मॅडम, असं विचारत होत्या. फलाटावर एक मालगाडी येऊन गेली.

"तो खबरी नव्हता," भाऊ पुन्हा म्हणाले. "त्यायनं त्याले खबरी म्हनून मारलं. आता म्याबी तेच म्हनू? मॅडम, धनलालले दोन पोरी आहेत, गोंदियाले. आज लहान आहेत. पन उद्या त्यायचीबी सोयरीक होईनच ना. मंग तिकडचे मामा येतीन चौकशीले, तुमचा बाप काऊन मेला म्हनून."

फोन प्रतीक्षानं घेतला. तिनं सगळं ऐकलं असावं. तुमची गाडी किती वाजता आहे, पाणी भरून घेतलं का, असं तिनं विचारलं, आणि आवाज नीट ठेवायचा प्रयत्न करत म्हणाली की बाबा बरोबर आहेत. मुलगा चांगला होता, तेही म्हणाली. होता म्हणाली. मग फोन ठेवला. त्या रखरखीत उन्हात, ओळखीचं कोणी नाही अशा फलाटावर मी पदरानं डोळे पुसत उभी राहिले.

मामांना उत्तर कळवायचं होतं. माझंच काम होतं ते, मीच ओढवून घेतलेलं. मी फोन करून कळवलं की वासुदेवभाऊ तयार नाहीत, तो मुन्शी खबरी नव्हता म्हणतात, आणि त्याच्याविषयी खोटं बोलणार नाहीत. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला उन्हातून नीट जा म्हणाले.

"आणि पाहिलंत ना, मॅडम?" ते म्हणाले. "त्यांनी मारलेल्या माणसाची जो अजून बाजू घेतो, त्याला त्या लोकांनी जिवंत सोडलं काऊन? मी विचारतोय ते उगीच नाही."